नोरीनचा आठवा बुधवार

नोरीन टूमीनं सव्वीस वर्षं रॉसकिनच्या शाळेसमोर रस्ता अडवला. हातात लांब दांड्याची गोल पाटी, अंगात झगझगीत पिवळा कोट, आणि पाटीवर एकच शब्द: थांबा. सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास मुलं रस्ता ओलांडायची, तेवढ्या वेळात गावात तिच्यापुढे कुणाची मिजास चालत नसे. ट्रॅक्टर थांबे, दुधाची गाडी थांबे. एकदा तर बिशपसाहेबांची काळी मोटार थांबली. आत बिशप मनगटावरचं घड्याळ बघत होते आणि बाहेर पहिलीतली एक पोरगी रस्त्याच्या मधोमध बसून बुटाची नाडी बांधत होती. गाठ बसेपर्यंत नोरीननं पाटी खाली घेतली नाही.

"बिशपना वाट बघायची सवय आहे," ती नंतर म्हणाली. "जन्मभर स्वर्गाचीच बघतायत."

अशा बाईचं पाण्याशी जमावं तरी कसं? पाणी कुणाच्या पाटीला जुमानत नाही. शिवाय ती डोंगरातली. माहेरी मेंढ्या, दगडी बांध आणि गवत. समुद्र तिनं पहिल्यांदा जवळून पाहिला तो लग्न ठरल्यावर, डिनी टूमीच्या सायकलवर मागे बसून. डिनी गावचा पोस्टमन. दिवसभर पत्रं वाटायची आणि उरलेला जीव वीस फुटी लाकडी बोटीत ओतायचा, असा त्याचा खाक्या. बोटीचं नाव 'सेंट ब्रिजिड'. पण ती बुटकी, रुंद, तपकिरी शिडांची. लाटेवर बसली की पिसं फुगवून बसल्यासारखी दिसे. म्हणून सगळं गाव तिला कोंबडी म्हणे. खुद्द डिनीसुद्धा वैतागला की कोंबडीच म्हणे.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं तिला बोटीवर बोलावलं. तिनं धक्क्यावर उभ्या उभ्या विचारलं, "हिला ब्रेक कुठाय?"

"बोटीला ब्रेक नसतो, राणी."

"मग मी नाही येत. जी वस्तू थांबवता येत नाही तिच्यात बसायला मला काय वेड लागलंय?"

डिनीनं डोकं खाजवलं. "नांगर असतो," तो म्हणाला.

"दाखव."

नांगर होता घरी, कोळशाच्या खोलीत. डिनी तो आणायला सायकलवरून गेला आणि बारा किलो लोखंड मांडीवर घेऊन, गुडघ्यानं हँडल सावरत परत आला. तोवर नवी नवरी धक्क्यावर हाताची घडी घालून उभी. आधी नांगर बोटीत गेला, मग ती गेली. त्याला एकतीस वर्षं झाली. हा करार कधी मोडला नाही.

डिनीला मात्र तो नांगर कायम सलत राहिला. शर्यतीच्या बोटीत बारा किलो म्हणजे पायात बेडी. नियमाप्रमाणे प्रत्येक बोटीवर नांगर हवाच, पण रॉसकिनमध्ये तो तपासतंय कोण? सगळ्यांनी आपापले नांगर कधीच घरी नेऊन टाकलेले. एकाचा फाटकाला टेकू होता, एकाचा दारूच्या दुकानाबाहेर शोभेला उभा होता. फक्त कोंबडीच्या पोटात तो दर बुधवारी असे, आणि दर बुधवारी डिनी म्हणे, "तुझ्या माहेरचं माणूस बसलंय का खाली? मग निघू या."

बुधवारची शर्यत म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. मे ते ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहाला दहा-अकरा बोटी खाडीतून बाहेर पडायच्या, समुद्रात तरंगणाऱ्या घंटेच्या बोयाला वळसा घालून परत यायच्या. चषक नाही, बक्षीस नाही. वायरमन खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट येई. उना हेगार्टीच्या बोटांना गिऱ्हाइकांच्या केसांचा रंग तसाच असे. दातांचे डॉक्टर डेसमंड क्वर्क दिवसभर लोकांना 'तोंड उघडा' म्हणत आणि संध्याकाळी स्वतःचं तोंड उघडून समोरच्या बोटीवर ओरडत. दोन तास सगळे एकमेकांची आईमाई उद्धारीत, आणि साडेआठला क्लबच्या लाकडी खोलीत एकाच बाकावर बसून माशांचं सूप आणि सोडा ब्रेड खात. आठवड्याच्या ऐन मध्यावर, घरी दोरीवर कपडे वाळत असताना, मोरीत भांडी तशीच असताना, माणसाला दोन तास कुणी हाक मारू शकत नाही, ही चैन काय असते ते नोरीनला लवकरच कळलं. परतीच्या वाटेवर ऊन पाण्यावर आडवं पडे, डिनी एकदाचा गप्प बसे, आणि देवाशी तिचं सगळ्यात नीट बोलणं व्हायचं ते तिथं. चर्चमध्ये कुणी ना कुणी खोकतंच.

क्लबचा एक रिवाज होता. जी बोट शेवटची येईल, तिनं सुपाचं पातेलं घासायचं. कोंबडी बहुधा शेवटचीच येई. त्या पातेल्याला खाली डावीकडे एक पोचा होता आणि त्यात मासा कसा चिकटून बसतो, हे नोरीन डोळे मिटून सांगू शकली असती.

आणि यंदा मार्चमध्ये डिनी पडला. जन्मभर लाटांवर तोल न गेलेला माणूस पोस्टाच्या कोरड्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वर्षभर बोट नाही. डिनीनं मान डोलावली, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

खुब्यापेक्षा त्याला दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. क्लबसमोर शांत पाण्यात बोटी बांधायला बारा जागा. ज्या बोटीनं उन्हाळ्यात आठ शर्यती पुऱ्या केल्या नाहीत, तिची जागा जायची आणि यादीतल्या पुढच्या माणसाला मिळायची. यादीत नंबर लागायला सहा वर्षं. हा नियम अकरा वर्षांपूर्वी कुणी आणला? डिनी टूमीनंच, टेबलावर मूठ आपटून. शहरातले लोक बोटी आणून बांधतात आणि तोंड दाखवत नाहीत, म्हणून.

जागा गेली की बोट शेतात चढते. आणि शेतात चढलेली लाकडी बोट पुन्हा पाण्यात उतरत नाही. गावात अशा तीन होत्या. एकीत तर खऱ्या कोंबड्या अंडी घालत. आपल्या कोंबडीचं असं होऊ नये असं नोरीनला वाटत होतंच, पण त्याहून जास्त डिनीचं तसं होऊ नये असं वाटत होतं. बोट पाण्यात असेल तर माणूस काठी टेकत का होईना पाण्यापर्यंत जातो. बोट शेतात गेली की माणूस खिडकीत जातो.

म्हणून मे महिन्यात तिनं सुकाणू हातात घेतलं. एकतीस वर्षं तिनं बोटीच्या काठावर बसून सांगतील तेव्हा इकडून तिकडे सरकायचं आणि डबा उघडायचा, एवढंच केलं होतं. सोबतीला उना आली, केस कापण्याचं दुकान लवकर बंद करून. दोघींनी काय काय नाही केलं! एकदा गाळात रुतल्या. एकदा भलत्याच बोयाला वळसा घालून आल्या. दोनदा इतक्या उशिरा पोचल्या की शर्यत मिटली होती. पोचलेल्या बोटीला भोंगा मिळतो, पण साडेआठनंतर येणाऱ्याला भोंगा नाही आणि नोंदही नाही. मध्ये डिनीला पुन्हा दवाखान्यात ठेवलं, तेव्हा बुडाले ते बुधवार वेगळेच. असं करत करत ऑगस्टचा शेवटचा बुधवार उजाडला तेव्हा नोरीनच्या नावावर सात शर्यती होत्या.

सात. आणि बुधवार उरला होता एक.

धक्क्यावर बॅट कॉकलन खडूनं फळ्यावर लिहीत होता. बॅट म्हणजे गावचा जुना खाटीक. दुकान मुलाला दिल्यापासून शर्यतीचं घड्याळ आणि भोंगा त्याच्याकडे. त्यानं लिहिलं: ओहोटी पावणेआठपर्यंत. वारा: बघू.

उना त्याच्या कानाशी लागली. "बॅट, आज आम्ही पोचलो नाही तरी तू आपला एक भोंगा वाजव. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय," बॅट म्हणाला. "चाळीस वर्षं तराजूला बोट लावलं नाही. आता भोंग्याला लावू?"

"बिचाऱ्या डिनीसाठी रे."

"बिचाऱ्या डिनीनंच नियम केलाय. मी तेव्हा नको म्हणत होतो."

"उना, सोड त्याला," नोरीन म्हणाली. "मला कुणी दिलेला आठवा नकोय. असला आठवा घरी नेला तर डिनीला वास येईल."

डिनी धक्क्याच्या टोकाला घडीच्या खुर्चीत बसला होता. गळ्यात दुर्बीण, मांडीवर काठी, आणि तोंडात सूचना. सुरुवातीला डावीकडे राहा, शीड फार आवळू नकोस, घंटेजवळ घाई करू नकोस, वारा पडला तर किनाऱ्यालगत ये, डॉक्टरच्या मागे जाऊ नकोस, तो दिसतो शहाणा पण...

"डिनी, एकच सांग. सूचनांची एवढी मोठी पिशवी मला पेलायची नाही."

त्यानं विचार केला. "नांगर काढून ठेव. आजच्या दिवस. वारा मेल्यासारखा आहे, बारा किलोनं फरक पडेल. मी इथं मांडीवर घेऊन बसतो, मग तर झालं?"

"नाही."

"नोरीन, जागा जाईल!"

"गेली तर गेली. ब्रेक नसलेल्या गाडीत मी चढत नाही."

शेजारून डेसमंड क्वर्क छोट्या होडीतून आपल्या नव्या पांढऱ्याशुभ्र बोटीकडे वल्ही मारत चालले होते. माणूस सरळ, फक्त बोट नवी होती आणि तिच्याबद्दल बोलायचा त्यांना कंटाळा नव्हता. ते हसून म्हणाले, "मिसेस टूमी, अजून तो नांगर? माझ्या नांगरावर बायकोनं जिरेनियमची कुंडी टांगलीय. छान फुललाय."

"फुलू दे, डॉक्टर," नोरीन म्हणाली. "माझा नाही फुलत. मी पाणी घालत नाही."

धक्क्याच्या टोकाला मरियामातेची निळी-पांढरी मूर्ती आहे, समुद्राकडे तोंड करून. डिनी निघताना टोपी उचलायचा. नोरीननं आत्ता मान झुकवली. वारा दे असं ती म्हणाली नाही. देवाला हवामान सांगायचं नसतं, हे आईनं तिला शिकवलं होतं. ती एवढंच म्हणाली: जे द्यायचं असेल ते दे, पण मला ते वेळेवर ओळखता येऊ दे.

भोंगा झाला. अकरा बोटी निघाल्या. पाठीमागून मंद वारा आणि खालून ओहोटीचं पाणी, दोन्ही एकाच दिशेला. बाहेर जाणं म्हणजे उतारावरून सायकल सोडल्यासारखं झालं. पंचवीस मिनिटांत सगळे घंटेपाशी. डॉक्टर पहिले वळले, मग वायरमन, मग बाकीचे. कोंबडी शेवटी वळली. घंटेनं एकदा टण् केलं.

"हे बघ, हिनं पण टोमणा मारला," उना म्हणाली.

परत वळल्यावर खरा हिशोब कळला. आता ओहोटी समोरून होती. सगळ्या बोटी एकमेकींपासून हातभर अंतरावर, कशाबशा पुढे सरकत होत्या. कोंबडी डिनीनं सांगितलं होतं तशी किनाऱ्याला लागून, उथळ पाण्यातून, मागून का होईना येत होती. धक्का पाऊण मैलावर राहिला असेल. बॅटचं लाल निशाण दिसायला लागलं.

आणि सात वाजून दहा मिनिटांनी वारा पडला.

पडला म्हणजे अगदी दार लावून गेला. शिडं लोंबली. पाणी वरून आरशासारखं झालं, आणि खालून मात्र वाहतच होतं. नोरीननं किनाऱ्यावरच्या एका पांढऱ्या घराकडे बघितलं. घर पुढे चाललं होतं. म्हणजे त्या मागे चालल्या होत्या.

"उना, आपण परत घंटेकडे निघालो."

"सगळेच निघालेत." उनानं मान वळवून बघितलं. खरंच, दहाच्या दहा बोटी, डॉक्टरांच्या नव्या बोटीसकट, तोंडं गावाकडे करून, मान ताठ ठेवून, उलट्या समुद्राकडे चालल्या होत्या. लग्नाच्या वरातीतून पाहुण्यांना कुणी मागच्या मागे ओढून न्यावं तसं. एकीवरून वायरमनच्या शिव्या पाण्यावरून स्वच्छ ऐकू येत होत्या.

"तुझी पाटी आणायला हवी होती," उना म्हणाली. "ओहोटीला दाखवली असती. थांबा!"

नोरीन हसली नाही. ती उनाकडे बघत राहिली. मग खाली, पायाजवळच्या फळीकडे.

"उना," ती हळूच म्हणाली, "फळी उचल."

"का?"

"माझं माहेरचं माणूस आहे खाली."

उनाला कळायला दोन क्षण लागले. मग तिचे डोळे मोठे झाले. "हे नियमात बसतं?"

"बसतं. एप्रिलमध्ये डिनी झोपला होता तेव्हा मी ते पुस्तक तीनदा वाचलं. नांगर टाकता येतो. फक्त आपला आपण टाकायचा आणि आपला आपण उचलून न्यायचा. सोडून पळायचं नाही."

दोघींनी तो उचलला. नोरीननं तो इतर बोटींना दिसू नये अशा बाजूनं, मुलाला पाळण्यात ठेवावं तसा, हळूच पाण्यात सोडला. थेंबसुद्धा उडाला नाही. दोर सरसर गेला, ताठ झाला, बोटीनं एक हिसका घेतला, आणि किनाऱ्यावरचं पांढरं घर जागच्या जागी उभं राहिलं.

"थांबलो," उना कुजबुजली.

"थांबलो. चहा काढ."

त्यांनी थर्मासमधून चहा ओतला, हॅमची सँडविचं काढली, आणि मांडीवर रुमाल पसरून बसल्या. बोटीच्या पुढच्या टोकाशी पाणी दुभंगून जात होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय झोकात चाललीय! वायरमन मागे सरकत शेजारून गेला. मग लाल बोट गेली. मग डेसमंड क्वर्क, पाठमोरे, सुकाणू घट्ट धरून.

"मिसेस टूमी!" ते ओरडले. "तुम्हाला वारा कुठून मिळाला?"

"नाही मिळाला, डॉक्टर."

"मग पुढे कशा जाताय?"

"मी कुठे जातेय? तुम्ही जाताय."

त्यांनी किनाऱ्याकडे बघितलं. मग कोंबडीच्या टोकाकडे, दोराकडे. तोंड उघडलं, आणि बराच वेळ तसंच राहिलं; कुणी सांगायची गरज पडली नाही.

"नांगर!" ते शेवटी म्हणाले. "अरे देवा. जिरेनियम!"

"कोंबडी खुडूक बसलीय, डॉक्टर!" उना हात हलवत ओरडली. "आता हाकललं तरी हलायची नाही!"

ते लांब लांब जात राहिले, पण हसताना त्यांचे खांदे हलत होते ते दिसत होतं. पुढची अर्धी घटका एकेक करून सगळे गेले. कुणी हात जोडले, कुणी मूठ दाखवली. एकानं विचारलं, अजून एक सँडविच आहे का. उनानं फेकलं. ते पाण्यात पडलं आणि तेही ओहोटीबरोबर निघालं.

इकडे धक्क्यावर काय झालं ते नोरीनला नंतर कळलं. डिनीनं दुर्बिणीतून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "रुतली! पुन्हा गाळात रुतली!" तो काठी टेकत उठायला लागला. बॅटनं दुर्बीण घेतली, नीट लावली, आणि म्हणाला, "डिनी, गाळात रुतलेल्या बोटीवर बायका इतक्या निवांत चहा पितात का?" मग डिनीनं दुर्बीण परत मागून घेतली.

पावणेआठला पाणी थबकलं. कोंबडीच्या टोकाशी दुभंगणारी रेघ पुसली गेली. किनाऱ्यावरून शेवाळाचा एक तुकडा निघाला होता तो जागीच फिरला, आणि मग, अगदी सावकाश, गावाकडे निघाला. भरती लागली.

"चल," नोरीन म्हणाली. "ओढ."

दोघींनी दोर ओढला. बोट पुढे सरकली, दोर सरळ खाली उभा झाला, आणि तिथं अडलं. नांगर हलेना. दोघींनी पाय रोवून, दात आवळून ओढला. उनानं मरियामातेचं नाव घेतलं आणि लगेच दुसरंही एक नाव घेतलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. नांगर जणू खाली संसार मांडून बसला होता.

आठ वाजले. दहा मिनिटं झाली. लांबवर, पार घंटेच्या पलीकडून, पांढरी शिडं भरतीबरोबर परत येताना दिसायला लागली. समुद्राकडून एक बारीकशी झुळूक आली, आणि नव्या हलक्या बोटींना तेवढीही पुरे.

"दोर कापू या," उना म्हणाली. तिच्या तळव्यांची सालं निघाली होती. "नोरीन, डबलरोटीची सुरी आहे."

"कापला तर शर्यत गेली. आपला आपण उचलायचा."

"मग काय करायचं?"

नोरीननं डोळे मिटले. तिला तिच्या वडिलांची गाडी आठवली. गवतानं भरलेली गाडी चिखलात पुढून रुतली की वडील घोड्याला मारत नसत. ते गाडीवर चढून पुढचं गवत मागे टाकायचे. पुढचं हलकं झालं की चाक आपोआप वर यायचं. आई म्हणायची, जोर कमी पडला की जागा बदलावी.

"उना, इकडे पुढे ये. माझ्याशेजारी. अगदी टोकावर."

दोघी टोकावर बसल्या. बोटीचं नाक खाली दबलं, दोर सैल झाला. नोरीननं तो सगळा आत ओढून खुंटीला करकचून बांधला.

"आता मागे पळ."

"मी काय पोतं आहे का?"

"आज आहेस. पळ!"

दोघी बायका, दोघींची मिळून वयाची सव्वाशे वर्षं, वाकून, आपटत, चहाचा थर्मास लाथाडत मागच्या टोकाला पळाल्या. नाक वर उसळलं. दोर करकरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग खालून पोटातून आल्यासारखा एक गडगडाट झाला आणि कोंबडीनं चक्क उडी मारली. नांगर सुटला होता.

तो वर आला तेव्हा मणभर चिखल आणि एक खेकडा घेऊन आला. खेकडा उनाच्या बुटावर बसला. "ह्याला सूप दाखवू या," ती म्हणाली, पण मग दया येऊन तिनं त्याला परत सोडला.

आठ वाजून चौदा. भरतीचं पाणी आता घरी निघालेल्या गुरांसारखं वाहत होतं, न हाकलता. नोरीननं शीड मोकळं सोडलं आणि झुळूक मागून येऊ दिली. मागे डॉक्टरांची बोट मोठी मोठी होत चालली होती. तिनं वळून बघितलं नाही. सव्वीस वर्षं मुलं रस्ता ओलांडत असताना तिनं कधी मोटारींकडे बघितलं नव्हतं. मुलांच्या पायांकडे बघायची. आता ती बॅटच्या लाल निशाणाकडे बघत राहिली.

एरवी कोंबडी येईस्तोवर बॅट सुपाला गेलेला असे आणि उनाला हाका मारून त्याला बाहेर काढावं लागे. आज तो धक्क्याच्या टोकाला उभा होता, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात भोंगा. त्याच्याशेजारी डिनी उभा. काठी खुर्चीवर पडली होती आणि त्यानं मरियामातेच्या चौथऱ्याला धरलं होतं.

आठ सत्तावीस. भोंगा वाजला. एक, लांब, आणि मग बॅट कधी करत नसे ते त्यानं केलं: पुन्हा एक.

डिनीनं टोपी उचलली. मूर्तीला की तिला, कळलं नाही.

डेसमंड क्वर्क आठ चौतीसला आले. भोंगा झाला नाही. बाकीचे त्यांच्यामागून, कुणी वल्ही मारत, कुणी हसत. सगळे एकदमच क्लबच्या खोलीत शिरले. सूप ढवळून ढवळून दाट झालं होतं. डॉक्टर सरळ नोरीनकडे आले आणि हात पुढे केला.

"आठवा झाला, मिसेस टूमी. अभिनंदन. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे ते जिरेनियम खाली उतरवणार."

"बायकोला विचारून उतरवा," नोरीन म्हणाली.

बॅटनं बाकावर चमचा वाजवला. "मंडळी, आजचा निकाल. पहिली: कोंबडी. दुसरं कुणी नाही."

टाळ्या, आरोळ्या, बाक आपटणं. एकतीस वर्षांत कोंबडी पहिली आली नव्हती. उनानं दोन्ही हात वर केले. सालटी निघालेले तळवे सगळ्यांनी बघून घेतले.

"थांबा," बॅट म्हणाला. "अजून आहे. पोचली ती एकच बोट. म्हणजे शेवटचीसुद्धा कोंबडीच." त्यानं सुपाच्या पातेल्याकडे बोट केलं. "नियम तो नियम."

खोलीत छत उडेल असा हशा उठला. वायरमन म्हणाला, हे अति झालं, आम्ही दहा जण घासतो. पण नोरीन बाह्या सारून मोरीपाशी गेली होती. तिला खरं तर मोरीच हवी होती. मोरीवर खिडकी आहे, आणि खिडकीतून खाडी दिसते. शेवटच्या उजेडात कोंबडी आपल्या जागी, आपल्या बोयाला बांधलेली, पिसं फुगवून बसली होती.

डिनी काठी टेकत मागे आला. जरा वेळ खिडकीतून बघत राहिला.

"तो नांगर," तो म्हणाला.

"हं?"

"गंजलाय. हिवाळ्यात घासून रंगवायला हवा."

"बसल्या बसल्या होतं ते काम," नोरीन म्हणाली. "तुला घरी आणून देते."

"आणि एप्रिलात मी स्वतः नेऊन ठेवीन बोटीत."

"ठेव. आधी तो, मग मी."

डिनीला उभ्यानं पुसायला जमत नव्हतं, म्हणून तो स्टुलावर बसला आणि धुतलेलं पातेलं मांडीवर घेतलं. फडकं आतून फिरवता फिरवता त्याचा हात खाली डावीकडे थांबला.

"इथं राहिलंय," तो म्हणाला.

"पोच्यात? दे इकडे," नोरीन म्हणाली, आणि पातेलं परत घेतलं.